तुझ्या दांड्याची मूठ

प्रिय ठोक्या,

पाकिटावर तुझं खरं नाव लिहिलंय, नाहीतर पोस्टमन हसायचा. आत मात्र तू ठोक्याच. हे नाव आमच्या मुलाने तुला जंगलात झाडतोडीच्या पहिल्याच आठवड्यात ठेवलं. पाचर ठोकण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही, असं घरी येऊन सांगायचा आणि जेवताना चमच्याने टेबलावर ठक ठक करून दाखवायचा. मग काकूचा ओरडा खायचा.

तो झाडाखाली सापडून गेला, त्याला आता चार महिने होत आले. काकू रडते, मधेच कशावर तरी हसते, पुन्हा रडते. तिचं बरं चाललंय असंच मी म्हणेन. माझं नुसतं लाकूड झालंय. परवा अंगठ्यात कुसळ गेलं होतं, ते बोट सुजल्यावर कळलं. भूक लागत नाही, पण ताट पुढे आलं की संपतं. लोक येऊन खांद्यावर हात ठेवतात आणि मी त्यांच्या हाताचं वजन किती असेल याचा विचार करत बसतो.

काम मात्र बंद नाही. तुमच्या टोळीतली पोरं अजून कुऱ्हाडीचे दांडे न्यायला येतात. त्यातल्या एकाने मागच्या आठवड्यात दुकानातून दांडा आणला, चकचकीत, वॉर्निश मारलेला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. वॉर्निश खरवडलं तर मुठीच्या वीतभर वर ही गाठ! पहिल्याच आडव्या घावाला मोडला असता. मग त्याला टोकाकडून लाकडाच्या रेषा बघायला शिकवलं. रेषा पात्याच्या दिशेने उभ्या हव्यात, आडव्या असल्या की दांडा दगा देतो. हे सगळं तुम्हा दोघांना शिकवताना आमचा मुलगा मागून म्हणायचा, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आणि आमचे बाबा तर दांड्यांचेच बाबा! तुला हसू आवरायचं नाही. मी चिडल्यासारखं करायचो.

तुझी बहीण बाजारात भेटली होती. तू जंगल सोडलंस, गॅरेजमध्ये गाड्या धुतोस, घरी आलास की भिंतीकडे तोंड करून पडतोस, हे तिने सांगितलं. काकू समोरून दिसली की तू रस्ता ओलांडतोस, हे काकूने सांगितलं. काकूला त्याचं फार लागलं. का ओलांडतोस ते आम्हाला कळतं. कापातली पाचर निसटली म्हणून झाड भलत्या बाजूला फिरलं, असं मुकादमाने त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, आणि तू मान खाली घालून हो म्हणालास. मीही ते ऐकून घेतलं.

पण एक गोष्ट टोचत राहिली, म्हणजे जेवढी मला टोचू शकते तेवढी. तुला पाचर मारताना मी पाहिलंय. करवत आत गेली रे गेली की तिच्या मागोमाग तुझी पाचर. अंगात रग असून कधी दणके घातले नाहीस, मोजून मापून ठोके, आणि नजर पाचरीवर नाही तर झाडाच्या शेंड्यावर. गुडघे धरले म्हणून मी जंगल सोडलं, पण सोडण्याआधी निम्मी हयात त्यात घालवली आहे. इतक्या हलक्या हाताने मारलेली पाचर अशी उगाच निसटत नाही.

म्हणून गेल्या रविवारी काठी टेकत वर जंगलात गेलो. काकूला म्हटलं, फिरून येतो. ते झाड अजून तसंच पडलंय, त्याला हात लावायला कुणी तयार नाही. मी तिथे उभा राहिलो. वाटलं होतं, इथे तरी काही होईल, रडू फुटेल. काही झालं नाही. मग मी आपला कामाला लागलो, बुंधा बघायला.

ठोक्या, झाड कापावर मोडलेलंच नाही. झाड नीट वळून पडावं म्हणून बिजागरीसारखी न कापता सोडलेली पट्टी अखंड आहे. झाड मुळासकट उलटलंय. पलीकडच्या बाजूची मुळं मातीखाली कुजून भुसा झाली होती. वर बुंधा टणक, साल ताजी. झाड पोकळ आहे का बघायला कुऱ्हाड उलटी धरून तुम्ही चारी बाजूंनी ठोकलं असणार, आणि आवाज भरीव आला असणार. मलाही तसाच आला असता. आणि तुझी पाचर, ती नारिंगी प्लास्टिकची, अजून कापात गच्च होती. ती काढताना माझ्या तोंडाला फेस आला. तिच्या डोक्यावर तुझ्या हातोड्याचे वळ आहेत, सगळे मधोमध. वाकडा एकही नाही. मुकादमालाही तिथे नेऊन उभं केलं. त्याने टोपी काढली आणि सगळ्या टोळीला खरं सांगितलं.

दोष तुझा निघाला असता तर मी हे पत्र लिहिलं असतं का, ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण तो तुझा नव्हता. पाचर इथे खिडकीत ठेवली आहे, येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आणखी एक काम आहे, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो. गेल्या वर्षी एकाच ओंडक्यातून फाडून मी दोन दांडे वाळत घातले होते, एक त्याच्यासाठी, एक तुझ्यासाठी. त्याचा मी पुरा केला, कारण त्याचा हात मला पाठ आहे. तुझ्या दांड्याची मूठ तासायची राहिली आहे. ती हात बघितल्याशिवाय तासता येत नाही. कुऱ्हाड पुन्हा उचल असं मी म्हणत नाही. नुसता हात दाखवायला ये. घरात कुणाचा तरी हात हातात घेतल्याशिवाय आता माझ्या आत अडकलेलं काही सुटेल असं मला वाटत नाही.

तुझाच,
दांडेकाका