एक प्लेट, आठ दिवस

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ९.१०

आजपासून नोंदी. प्रयोगशाळेत रोजनिशी ठेवतात म्हणे. ही खाजगी आहे. शास्त्रीय असल्यामुळे इथे फक्त खरं लिहिलं जाईल.

पार्श्वभूमी: सप्टेंबरमध्ये ऑफिसने रीस्ट्रक्चरिंग केलं. मी मनाने आधीच बाहेर पडलो होतो, पत्र फक्त त्यांचं आधी आलं. नंतरचे तीन महिने चिंतनात गेले. (सोफ्यावर.) निष्कर्ष: मशरूम. घरगुती, ताजे, मुलुंड पूर्व. बिल्डिंगमधले निम्मे लोक जैन आहेत, ते मशरूम खात नाहीत. म्हणजे निम्मा मार्केट रिसर्चही झाला.

बियाणं विकत आणलं की आपण हमाल. स्वतःचं कल्चर हवं, म्हणजे घरीच वाढवलेली मूळ बुरशी. त्यासाठी आधी अगरच्या निर्जंतुक प्लेटा. बटाट्याच्या पाण्यात अगर (समुद्री शेवाळाची पूड) घालून शिजवायचं, चपट्या गोल डब्यांत ओतायचं, जेलीसारखं थिजलं की त्यावर मशरूमचा तुकडा ठेवायचा. बस. लोक उगाच घाबरतात.

जागा: चेतनाची खोली. लेक पुण्याला नोकरीला, खोली रिकामी.

संध्याकाळी ७.३०

खोली रिकामी नाही असं कळलं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बायकोला, म्हणजे संघमित्राला, त्यांना वर्ध्याहून इथे आणायचंय. २६ जानेवारीचं तिकीट काढलेलं आहे. हे मला सांगितलं होतं म्हणे. मी 'हं' म्हटलं होतं म्हणे.

मी शांतपणे मुद्दे मांडले. सासूबाई नागपूरला प्रितमकडे राहू शकतात, सख्खा मुलगा आहे. संघमित्रा म्हणाली, प्रितमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, गुडघ्याला व्यायाम. मग तिने अट घातली: एक प्लेट, फक्त एक, आठ दिवस स्वच्छ ठेवून दाखवा. काही उगवता कामा नये. जमलं तर खोली तुमची, आईला मी प्रितमकडे राहायला सांगते. मुदत २० तारीख.

इथे नोंदवतो की संघमित्रा सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हेच काम करते. पण तिथे एसी असतो, यंत्रं असतात, कल्पकतेला वाव नाही. तिचा सल्ला घ्यायचा नाही असं ठरवलं. तिच्यावर आधीच कामाचा ताण आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

प्लेटा आल्या. वीस, सीलबंद, पाकिटावर 'स्टराइल'. दुकानातून आलेली वस्तू न धुता वापरायची नाही, ही आईची शिकवण. सगळ्या फोडून भांड्याच्या साबणाने घासल्या, नळाखाली खळबळून टॉवेलने पुसल्या. चकाचक. झाकणांवर मार्करने नाव आणि नंबर: अ. मेश्राम १, अ. मेश्राम २. वळणदार अक्षर आलं.

संघमित्रा ड्यूटीवरून आली. प्लेटा बघितल्या. पाकीट बघितलं. पाणी प्यायली. म्हणाली, नंबर झाकणावर नाही, तळाला लिहितात. झाकणं बदलतात. मी म्हटलं, माझी नाही बदलणार.

बुधवार, ८ जानेवारी. सकाळी ११

मिडियम, म्हणजे ते बटाटा-अगरचं पाणी, तयार. ग्लुकोज हवं होतं, घरात संत्र्याच्या स्वादाचं होतं. बुरशीला काय कळतंय.

पंधरा पीएसआय दाबावर वीस मिनिटं असं पुस्तकात आहे. पंधरा पीएसआय म्हणजे किती शिट्ट्या हे कुठेच नाही. मोठीच त्रुटी. तूरडाळ तीन, राजमा आठ. जंतू राजम्याहून चिवट असणार. बारा धरल्या.

दुपारी १२.१५

बारा शिट्ट्या झाल्या. नवव्या शिट्टीला केतनभाई समोरच्या दारातून विचारून गेले की पाहुणे येतायत का.

घाई होती म्हणून कुकर नळाखाली धरला, रोज धरतोच. बाटलीतलं निम्मं मिडियम उसळून कुकरमध्ये आलं. उरलेलं दहा प्लेटांना पुरेसं आहे. गरमागरम ओतलं, म्हणजे जंतू लागायचा प्रश्नच नाही. उकडत होतं म्हणून फॅन एकवर.

संध्याकाळी

संघमित्राने विचारलं, वीस मिनिटं मंद आचेवर ठेवलात ना? मी बारा शिट्ट्या सांगितल्या. ती म्हणाली, शिट्टी म्हणजे वाफ बाहेर जाते, दाब टिकत नाही. आणि कुकर आपोआप गार होऊ द्यायचा. आणि बाटली हातात सहज धरवेल इतकी कोमट झाली की ओतायचं, नाहीतर झाकणाला घाम येतो. आणि फॅन बंद. मी म्हटलं, प्रत्येकाची पद्धत असते.

झाकणांना घाम आलाय. हवामान.

शनिवार, ११ जानेवारी. सकाळी ७

उगवलं!

दहाच्या दहा प्लेटांवर. पांढरं, कापसासारखं, मध्ये हिरवट छटा. दोन ठिकाणी काळे ठिपके, एका ठिकाणी सुंदर गुलाबी. आपण अजून मशरूमचा तुकडा ठेवलेलाच नाही, तरी ही अवस्था. मिडियम किती पौष्टिक असेल!

सकाळी ७.२०

अट आठवली. काही उगवता कामा नये.

सकाळी ८

चेतनाला फोटो पाठवला. तिने उलट्या करणारा चेहरा पाठवला. पुण्याला गेल्यापासून बदलली आहे.

संघमित्रा म्हणाली, हिरवी पावावर येते ती, काळी लोणच्यावर येते ती, आणि गुलाबी उघडू नका, फेकून द्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. ह्या निकालाला मी अपयश म्हणणार नाही. ही सर्वेक्षण फेरी होती. मुलुंडच्या हवेत काय काय आहे ते आता आपल्याला नेमकं माहीत आहे.

रविवार, १२ जानेवारी. दुपारी १

फेरी दोन. आज ओतलं तरच २० तारखेला आठ दिवस भरतात. उरलेल्या दहा प्लेटा. ह्या वेळी पद्धत पूर्ण बदलली. कुकर पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं. ही माझीच कल्पना, राजम्यावरून सुचली. कुकर आपोआप गार होऊ दिला, कारण वर्तमानपत्र वाचत होतो.

हवा न हलणारी पेटी हवी. संघमित्राचा पारदर्शक टब होता, त्यात चादरी असतात. दोन भोकं पाडली, हात घालायला. चादरी सोफ्यावर. हात आत गेले, मनगटाशी अडकले. नाक खाजायला लागलं. शिंक आली ती नेमकी टबात. पण तोंड डावीकडे होतं आणि प्लेटा उजवीकडे.

हवा शुद्ध व्हावी म्हणून टबात उदबत्ती लावली. मोगरा. राख थोडी पडली, राख निर्जंतुक असते.

सात प्लेटा ओतल्या तेवढ्यात केतनभाई आले. पार्किंगच्या विषयावर दारात पाऊण तास. परत आलो तर दहाही ओतलेल्या, आणि संघमित्रा गॅसपाशी दुधावर लक्ष ठेवून उभी. माझा हात बसत चाललाय. किती ओतल्या तेही आता लक्षात राहत नाही. झाकणं आतून ओली दिसली म्हणून सगळी काढून पुसून परत लावली.

बुधवार, १५ जानेवारी

सहा गेल्या. हिरव्या.

संक्रांतीचे तिळगूळ कालच झाले. केतनभाईंना सांगितलं की प्रकल्प निर्णायक टप्प्यावर आहे. ते म्हणाले, वास येतोय. मी म्हटलं, मोगरा. ते म्हणाले, मोगऱ्याच्या खालचा.

शुक्रवार, १७ जानेवारी

एक उरली. झाकण: अ. मेश्राम १४. काचेसारखी स्वच्छ. काही नाही. एक ठिपका नाही.

असं काहीच नसणं मी आयुष्यात इतक्या आनंदाने कधी बघितलं नव्हतं. दिवसातून सहादा जाऊन बघतो. श्वास रोखून.

सोमवार, २० जानेवारी. सकाळी ६.०५

जिंकलो.

आठ दिवस. स्वच्छ. संघमित्राला उठवलं. तिने प्लेट हातात घेतली, उजेडात धरली, खालून बघितली, परत ठेवली. म्हणाली, चांगली आहे. मी म्हटलं, घरच्या परिस्थितीत, एसीशिवाय. ती म्हणाली, हो.

मग तिने वर्ध्याला फोन लावला. बोलता बोलता गॅलरीत गेली. आत येऊन फोन माझ्याकडे दिला. सासूबाई म्हणाल्या, बरं जी, काही हरकत नाही जी, प्रितमकडे जाईन, जिने चढवाले लोकं आहेतच. विदर्भातले लोक मोठ्या मनाचे असतात.

तिकीट संध्याकाळी रद्द करते म्हणाली. चेतनाला फोटो पाठवला. तिने लिहिलं, आजी येणार होती ना? तरुण पिढीला विज्ञानात रस नाही.

मंगळवार, २१ जानेवारी. सकाळी १०

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला प्लेटचा फोटो काढत होतो. वरून चकाकी येते म्हणून खालून काढला.

तळाला बारीक अक्षरात लिहिलंय: १२/१, S.M.

सकाळी १०.२०

S.M. म्हणजे बरंच काही असू शकतं. कंपनीचा शिक्का असू शकतो.

सकाळी १०.४५

कंपनी तारीख बॉलपेनाने लिहीत नाही.

दुपारी २

शांतपणे विचार केला. (सोफ्यावर, चादरी बाजूला करून.) मी दारात पार्किंगवर बोलत होतो तेव्हा तिने उरलेल्या तीन ओतल्या. दोन माझ्या झाकणं पुसण्यात गेल्या असाव्यात. एक वाचली. आणि पुसताना झाकणंही बदलली.

तरी मिडियम माझं होतं. कुकर मी लावला. टब माझा. टब तिचा. भोकं माझी.

बुधवार, २२ जानेवारी

कोणालाही माहीत नाही. तिने सोमवारी सकाळी खालून बघितलं होतं, पण झोपेत असेल.

जेवताना सहज विचारलं, तू त्या दिवशी किती ओतल्यास? ती म्हणाली, तीन. मी विचारलं, मग सोमवारी का नाही बोललीस? ती म्हणाली, सप्टेंबरपासून तुम्ही दहाशिवाय उठत नव्हतात. पंधरा दिवस झाले, माझ्याआधी उठताय. दाढी करताय. मला वाटलं, चालू राहू दे.

मी म्हटलं, आणि आई? ती ताट घेऊन उठली. सिंकपाशी पाठमोरी उभी राहिली, आणि नळ बराच वेळ नुसताच वाहत होता.

मला लाज वाटली. शास्त्रीय नोंद म्हणून लिहितो: भयंकर लाज वाटली. सव्वीस वर्षं ही बाई सकाळी साडेआठला घराबाहेर पडते, आणि तिथे जाऊन काय करते हे मी लग्नाच्या वेळी एकदा विचारलं होतं. उत्तर आठवत नाही.

गुरुवार, २३ जानेवारी. सकाळी ८

वर्ध्याला मीच फोन केला. निकालात तांत्रिक दोष आढळला, या, असं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, काहून जी, तब्येत बरी आहे ना तुमची? तिकीट रद्द झालंच नव्हतं. संघमित्राला दोन दिवस वेळ मिळाला नाही म्हणे.

खोली धुतली. पलंग परत लावला. टब नवीन आणून त्यात चादरी भरल्या. मशरूम प्रकल्प बंद नाही. स्थलांतरित. गॅलरीत, वॉशिंग मशीनवर.

सोमवार, २७ जानेवारी. सकाळी ९

ठाण्याला विदर्भ एक्सप्रेस वेळेवर. संघमित्राने आज रजा काढलीय. सासूबाईंना हाताला धरून उतरवलं, लिफ्टने वर आणलं. खोलीत बसल्या, पाय लांब केला, हुश्श केलं, म्हणाल्या, चांगली हवेशीर आहे. हवेबद्दल मी बोललो नाही.

चहा पिताना त्यांनी लेकीला विचारलं, जावईबापू काय करते सध्या? मी उत्तर तयार ठेवलं होतं: बायोटेक, स्वतंत्र, सुरुवातीचा टप्पा. तोंड उघडलं.

संघमित्रा म्हणाली, माझ्या हाताखाली शिकतायत.

रविवारी तिला सुट्टी असते, तेव्हा पहिला धडा. हात धुणे.