एकावन्न आणि एकोणपन्नास

बाबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग आलाय. हा संशय माझ्या अंगात तुम्हीच घातलात. बाकीच्या पोरींना बापाने बांगड्या दिल्या. मला दहावी पास झाल्यावर तुम्ही तुमचा गुण्या दिलात, कोपरा काटकोनात आहे का ते बघायचा तो लोखंडी गुण्या. दादाला नाही, मला.

तो पाया आठवतो? मी आठवीत, तुमच्या हाताखाली मी आणि दादा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या आणि मी मालकाच्या देखत ओरडले, "झाला आयत!" तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत. "बाजूंवर भरवसा नको ठेवू गो. चारी बाजू बरोबर येतात नि चौकट कलंडलेली हाय. कर्ण धर!" एका कोपऱ्यात दादा, समोरच्या कोपऱ्यात मी, मध्ये ताणलेली दोरी. पुढे आपल्या स्वयंपाकघरात फूट बाय फूट लादी बसवताना तर तुम्ही प्रत्येक लादी पाव वळसा फिरवून पुन्हा बसवत होता. फिरवून बसली नाही तर ती चौरस नाही. आई चहा घेऊन उभी, म्हणते, "अवो, लादीवर पन संशय?" तुम्ही हसलासुद्धा नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही शिरढोणच्या घरामागची जागा वाटून घेतली. विमानतळाची हवा लागून जागेचे भाव चढल्यापासून इथे वीतभर जागेपायी भावाभावांचं बोलणं बंद झालंय, म्हणून मी आधीच सावध. दोघांना चाळीस बाय तीस. दादाने टेप लावून माझ्या चारही बाजू दाखवल्या. "बघ बाय, इंचाचा फरक नाय." झालं! एवढं छातीठोक कशाला सांगतोय हा? तो चहाला आत गेला आणि मी कोपऱ्यात खिळा ठोकून एकटीनेच कर्ण मोजले. एक एकावन्न फूट, दुसरा एकोणपन्नास. आयताचे कर्ण समान असतात हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते, बाबा. दोन फुटांचा फरक! अंगाचा तिळपापड झाला. वहिनीच्या देखत मी त्याला चोर म्हणाले.

तो चिडला नाही. "बाबांच्या भिंतीची रेघ पुढं वढली गो मी. अजून काय मोजायचं ते मोज," म्हणाला आणि घरात गेला. दर रविवारी फोन करणारा दादा, चार रविवार झाले, गप्प आहे.

तुमची भिंत? जगाचे कर्ण मोजलेत आणि स्वतःच्या घराचे नाही मोजलेत? की मुद्दाम तशी बांधलीत? आता कोणाला विचारू?

आज शाळेतून आल्यावर वही घेऊन बसले. दादाने किती जागा लाटली याचा आकडाच काढायचा होता मला. त्या कलत्या चौकोनाची उंची काढली, तीस फुटांना पाव-अर्धा इंच कमी. क्षेत्रफळ काढलं. बाराशेच्या जागी अकराशे नव्व्याण्णव. विश्वास बसेना, तीनदा केलं. कर्णात दोन फूट आणि जागेत एक चौरस फूट. तुमची एक लादी. आयत नाही एवढंच मी बघितलं. किती नाही, ते बघितलंच नाही. आणि एका लादीसाठी सख्ख्या भावाला चोर म्हणाले.

त्याचा वाटाही त्याच भिंतीला लागून आहे, म्हणजे त्याचीही एक लादी गेली असणार. असणार म्हणते, कारण त्याच्या वाट्याचे कर्ण मी मोजलेच नाहीत. मनातही आलं नाही.

हा कागद गुण्याच्या पिशवीत ठेवतेय, दुसरं कुठे पाठवणार? रविवारी शिरढोणला जाईन. दादाला म्हणेन, तुझ्या वाट्याचे कर्ण मोजायचेत, दोरीचं एक टोक धर. चुकलं म्हणायला माझी जीभ वळत नाही, पण एवढं म्हणता येईल, आणि तो समजेल. दोरी धरून तो समोर उभा राहिला की मला पुरे.

आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आकडा मात्र मी बघणार आहे.