दोनशे अठरा गुणांची खिडकी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे कुरकुरतात, तेव्हा कागदावरच मानून घे). तुझी कंबर आणि भावोजींचा राग, दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे ही आता बरी आहे आणि ते तुझ्यामुळे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुझ्या जिवाला घोर लागेल.

तू पाठवलेलं हवा मोजायचं यंत्र मिळालं. मी छत्तीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेला माणूस. आकडा दिसला की मला तो गुणच वाटतो. मागच्या खोलीला अडतीस मिळाले. काठावर पास! लाज वाटली. आणि बेकरीकडच्या खिडकीला (जिच्यातून पहाटेपासून भट्टीचा धूर येतो) चक्क दोनशे अठरा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं (ते धुरानं आलं होतं, हे नंतर कळलं). हिचा खोकला दोन महिने हटत नव्हता. म्हटलं, एवढी गुणी हवा घरात असताना बायकोनं मागच्या खोलीत का झोपावं? तिचं अंथरूण मी स्वतः त्या खिडकीखाली घातलं, खिडकी सताड उघडली, रोज चहाही तिथेच नेऊन दिला. खोकला वाढला तसा मी खूश. म्हटलं, हवेचा गुण येतोय, आतलं सगळं बाहेर पडतंय.

चौथ्या दिवशी तिला एक वाक्य पुरं करता येईना (एरवी ती मला करू देत नाही). माझी पाचावर धारण बसली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, तिला मागच्या खोलीत हलवलं, श्वासाचं औषध दिलं, यंत्र पाहिलं आणि मला जिन्यात नेलं. म्हणाल्या, "मास्तर, इथे ज्याला सगळ्यात कमी, तो पहिला!" मग उभ्या उभ्या शिकवणी घेतली. यंत्र मोजतं ती धुरातली बारीक धूळ फुफ्फुसात थांबत नाही, रक्तात उतरते, हृदयाला, मेंदूला, पोटातल्या बाळालासुद्धा गाठते. जगात दरवर्षी लाखो माणसं तिच्यापायी वेळेआधी जातात, आणि बहुतेक जग मर्यादेपेक्षा जास्त धुळीच्या हवेत श्वास घेतं. मी मान खाली घालून ऐकलं. वर्गाबाहेर उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ.

बेकरीवाल्याशी भांडायला गेलो, तर तोच माझ्यापुढे खोकत बसला. शेवटी त्यालाच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. काल हिनं मला एका दमात चार मिनिटं झापलं. ताई, इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. तुझं यंत्र नसतं तर त्या खिडकीकडे कुणी पाहिलंच नसतं. तुझे उपकार कसे मानू?

तुझा,
धाकटा

ता. क. गुणांचा घोटाळा हिला ठाऊक नाही. ऋतू बदलल्यामुळे धाप लागली, असं सांगितलंय. उत्तरात 'गुण' हा शब्द तेवढा टाळ. खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहिलं.

आणखी एक ता. क. (हस्ताक्षर ओळखलंत ना?) वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय. कमी आकडा चांगला, हे खोक्यावर ठळक छापलेलं आहे. मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. पण लग्नाला बत्तीस वर्षं झाली, ह्यांनी माझं अंथरूण पहिल्यांदाच घातलं. मला तिथून उठवेना.