पप्पूचं विंडोज

शिरूर कासार,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. हरिओम यास,

सोमेश्वरचे आशीर्वाद. सहा वर्षांनी लिहितोय, त्यामुळे आशीर्वाद लिहावेत की नाही यातच अर्धा तास गेला. पण त्याशिवाय पत्राला सुरुवात होत नाही, तेव्हा राहू देत. आम्ही इकडे ठीक. आईचे गुडघे तसेच. शेळ्या अकरा झाल्या. त्यातली एक आंधळी आहे, पण संध्याकाळी सगळ्यांच्या आधी घरी येते. तूही ठीक असशील असं धरून चालतो.

पत्र बघून तुला हसू येईल. ऑनलाईन सेंटर चालवणारा माणूस पाकिटाला तिकीट चिकटवतोय. पण माझा नंबर तू ब्लॉक केलेला. पत्ता योगिताने दिला. तुझ्या वहिनीचा नंबर तू ब्लॉक केलेला नाहीस आणि दर दिवाळीला तुम्ही बोलता, हे मला गेल्या महिन्यात कळलं. घरातल्या घरात मी किती मागे आहे बघ. हे छापून पाठवलं असतं, तर प्रिंटर सापडत नाही. म्हणजे प्रिंटर टेबलावरच आहे, मशीनला सापडत नाही.

लिहायचं कारण मशीनच आहे. योगिता म्हणाली, भावजींना लिहा. म्हणून लिहितोय.

विंडोज दहा बंद झालं हे तुला सांगायला नको. बंद म्हणजे चालतं, पण आता त्याला वाली नाही. ऑक्टोबरपासून रोज सकाळी स्क्रीनवर पाटी येते. आपल्या काउंटरवर मशीन अजून तेच आहे, तू बीडहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. अकरा नंबरच्या विंडोजला ते पात्र नाही म्हणे. पोलीस भरतीत छाती कमी भरलेल्या पोरासारखं त्याला बाजूला काढलंय.

सल्ला द्यायला लोक कमी नाहीत. एक म्हणतो, नवीन घे. दुसरा म्हणतो, दहाच चालव, काय होतंय. शाळेतले एक सर आले, म्हणाले, मॅक घ्या, जन्मभर बघायला नको. मी विचारलं, सर, तुमच्याकडे आहे का? म्हणाले, नाही, ऐकलंय.

शेवटी माजलगावचा पप्पू आला. तोच, दुकानोदुकानी विंडोज टाकत फिरणारा. आता पोट सुटलंय त्याला. म्हणाला, "पात्र न्हाई म्हंजी काय? आपुन पात्र करू की." त्याने मागच्या दाराने अकरा घातलं. झालं. चालू होईपर्यंत माझा चहा पिऊन कप धुऊन व्हायचा. खालचं बटण कोपऱ्यातून उठून मधोमध जाऊन बसलं. माझा हात वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात जातोय, तो तिथेच जातो. मग गिऱ्हाईकासमोर मी माउस घेऊन चाचपडत बसतो. उजव्या बटणाने कॉपी-पेस्ट काढावं, तर शब्दांच्या जागी बारकी चित्रं. लिंबागणेशच्या एका घरची लग्नपत्रिका उघडली, तर जुना फॉन्टच नाही. गणपतीचं चित्र जाग्यावर आणि खाली नवरीच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा. नवऱ्या मुलाचा चुलता म्हणाला, "आवो, ही पोरगी परदेसातली हाय का?" सगळे हसले. मीही हसलो.

अकरा दिवस काढले. मग म्हटलं, पप्पू, काढ बाबा, भीक नको पण कुत्रं आवर. त्याने परत दहा घातलं. ते रोज दुपारी निळं पडून बंद व्हायला लागलं. मग मागच्या सोमवारी मी स्वतः, मोबाईलवर व्हिडिओ लावून, विंडोज काढून तुझं ते फुकटचं लिनक्स घातलं.

हो. मी घातलं.

कारखाने सुरू झालेत, निम्मं गिऱ्हाईक ऊसतोडीला गेलंय, त्यामुळे मला चुका करायला वेळ आहे. लिनक्स चालतं, चांगलं चालतं. पण प्रिंटर सापडत नाही, अंगठ्याचं यंत्र ओळखत नाही, आणि टायपिंगला मी एक दाबतो तर दुसरंच उमटतं. काही करायचं तर काळ्या खिडकीत मंत्र टाकावे लागतात. तू ते न बघता टाकायचास. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. तू दोन दिवस आलास तर सगळं मार्गी लागेल, असं योगिताचं म्हणणं.

मराठी निवडली तर मराठीही आली. 'जतन करा', 'रद्द करा'. ते वाचताना तुझं मराठी आठवलं. तू चार वर्षं बसून लिनक्समधला एकेक शब्द आपल्या बोलीत केला होतास. आई उंबऱ्याशी बसून ज्वारी निवडायची आणि तू आतून ओरडून विचारायचास, "आये, एखादं काम नगं असलं तर तू काय म्हंतीस?" आई म्हणायची, "ऱ्हाऊ दे." मग 'रद्द'च्या जागी 'ऱ्हाऊ दे'. 'जतन'ला 'ठिव'. पुसण्याआधी मशीन विचारायचं, 'खरंच पुसू का?' शाळेची पायरी न चढलेली बाई, पण दुकानात येऊन माणसांना सांगायची, "ह्या मशीनमदलं समदं माझं बोलनं हाय."

मला ते आठवून काही वाटलं नाही. खरं सांगतो. हल्ली काही वाटत नाही. दाढी करतो, शटर वर करतो, लोकांचे फॉर्म भरतो, शटर खाली करतो. योगिता समोर बसून रडली तरी मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

ती का रडली ते नंतर लिहितो. गिऱ्हाईक आलंय.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

गिऱ्हाईक परवाच गेलं. मीच पत्र गल्ल्यात ठेवून दिलं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. क्रमाने लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

दोन हजार एकोणीसचा जुलै संपत आलेला. पीकविम्याच्या फॉर्मची मुदत जवळ आलेली, दुकानापासून एसटी स्टँडपर्यंत रांग. अंगठ्याचं यंत्र त्या आठवड्यात तुझ्या लिनक्सवर चालेना. मी म्हणत होतो, पप्पूला बोलावून विंडोज टाकू. तू म्हणायचास, चोरीचं विंडोज माझ्या दुकानात नको, दोन दिवस दे, मी यंत्र चालवून दाखवतो. 'माझ्या दुकानात' म्हणालास. मी थोरला आहे, पण दुकान तुझंच होतं, गिऱ्हाईक दारातून आत वाकून विचारायचं, "हरिओम हाय का?" मी समोर बसलेला असायचो.

त्या मंगळवारी तू कागदपत्रांसाठी बीडला गेलास. गुरुवारी तुला पुण्याला जायचं होतं, ज्यांना तुझं ते मराठी आवडलं होतं त्यांना दाखवायला. त्यांनी नोकरीचं तोंडी कबूलच केलं होतं. तू गेल्यावर मी पप्पूला फोन केला.

संध्याकाळी तू आलास तेव्हा मशीनवर विंडोज होतं आणि तुझं काहीच नव्हतं. मी म्हणालो, मला वाटलं डी ड्राइव्ह राहतो. सगळ्यांना तसंच वाटतं ना, फॉरमॅट मारलं तरी डी ड्राइव्हमधलं जात नाही. निम्म्या तालुक्याचे फोटो त्या भरवशावर आहेत. तू म्हणालास, ठीक आहे, पेनड्राइव्हवर कॉपी आहे. खण उघडलास. लाल दोरा बांधलेला तो पेनड्राइव्ह तिथे नव्हता. मी म्हणालो, तूच कुठेतरी टाकला असशील. तू सगळं दुकान उपसलंस, मी तुझ्याबरोबर शोधत होतो. कपाटाखाली वाकून शोधलं मी. मग म्हणालो, एवढं खेळणं गेलं म्हणून काय रडतोस. तेव्हा तू माझ्या थोबाडीत मारलीस. दुकानात नऊ माणसं होती, मी मोजली होती.

आई म्हणाली, "थोरल्या भावावर हात टाकतूस? आदी त्याची माफी माग, मंग मला आये म्हन." तू माफी मागितली नाहीस. दुसऱ्याच दिवशी गेलास. त्या पुण्याच्या लोकांनी तुला समोर बसवलं, पण दाखवायला तुझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून नोकरी गेली, आणि पुढची दोन वर्षं तू मोबाईलच्या दुकानात काच बदलत होतास, हेही मला गेल्याच महिन्यात योगिताकडून कळलं. आईचं मला माहीत आहे. तुझा विषय निघाला की ती उठून शेळ्यांकडे जाते.

आता लिहितो.

पेनड्राइव्ह हरवला नव्हता. विंडोज टाकायला पप्पूला एक पेनड्राइव्ह लागत होता, त्याचा घरी राहिला होता. मी खणातून लाल दोऱ्याचा काढून दिला. पप्पूने विचारलं, "ह्याच्यात काय हाय का बे? समदं पुसून जाईल." मी म्हणालो, "न्हाई, रिकामाच हाय." त्याने मशीनचंही विचारलं, "हितलं काय ठिवायचंय?" मी म्हणालो, "काय न्हाई." काम झाल्यावर पेनड्राइव्ह तोच घेऊन गेला.

डी ड्राइव्ह राहतो असं मला वाटलं नव्हतं. लिनक्समध्ये डी ड्राइव्ह नसतो, एवढं तू मला शिकवलं होतंस.

का केलं, तर विम्याच्या फॉर्मसाठी नाही. ते यंत्र तू बुधवारपर्यंत चालवलंच असतंस. मला वाटलं, तुझ्याजवळ दाखवायला काही नसलं तर तू पुण्याला जाणार नाहीस. तू गेलास तर मला दुकान चालवता येणार नाही आणि ते सगळ्या गावाला दिसेल. मला तुझी भीती वाटायची. तुझा हेवाही वाटायचा. हेवा जास्त.

गेल्या महिन्यात पप्पू अकरा टाकायला आला तेव्हा योगिता डबा घेऊन दुकानात आली होती. पप्पू सहज म्हणाला, "पेनड्राइव्ह काढ की एखादा. मागल्या टायमाला दिलता तसा, लाल दोऱ्याचा." योगिताने माझ्याकडे बघितलं. पप्पूला तिने जाऊ दिलं. मग समोर बसून रडत म्हणाली, "कावून केलंत वो असं?" मी कॅलेंडर वाचत होतो. ती म्हणाली, "भावजींना तुमी सांगा. न्हाई तर मी सांगते." तेव्हापासून ती ताट वाढते, पण समोर बसत नाही.

परवा लिहिलं की तू दोन दिवस ये आणि मशीन बघ. ते खोटं होतं. मशीनसाठी येऊ नकोस. प्रिंटर माझा मी शोधीन. मला फक्त हे तुला सांगायचं होतं, आणि सांगितल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तू परत मारलीस तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण तेही दाखवायला लिहिल्यासारखं होतं.

एक राहिलं. आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगायला माझ्याच्याने होत नाही. तिला आता मी एकटाच जवळ आहे.

तुझा,
~~सोमेश्वर~~


बुधवार, १९ नोव्हेंबर

वरचं नाव खोडलेलं आहे, त्याचं कारण लिहितो.

सकाळी पाकीट बंद करत होतो. आई शेळ्या सोडून आली, दारात बसली. म्हणाली, "कुनाला लिव्हतूस?" मी म्हणालो, सरकारी काम आहे. ती म्हणाली, "सरकारी कामाला तू तीन रोज हातानं लिव्हीत न्हाईस. हरिओमला हाय. वाच."

योगिता चुलीपाशी होती. तिने वळून बघितलं नाही, फक्त तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

मी वाचलं. पहिल्या पानावर आई एकदा हसली, ते लिंबागणेशच्या पत्रिकेचं ऐकून. पुढे हसली नाही. पप्पूने काय विचारलं आणि मी काय म्हणालो, तेवढं तिने परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. शेवटच्या पानावर मी थांबलो, तर म्हणाली, "थांबू नगं."

वाचून झालं. मला वाटलं, मारेल. मारायला पाहिजे होतं तिने. ती म्हणाली, "सा वर्सं माझ्या लेकराला मी आये म्हनू दिलं न्हाई. तू रोज माझ्या समोर जेवत हुतास."

हरिओम, तेव्हा मला वाटलं. सगळं एकदम वाटलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "खाली नाव कुनाचं टाकलंस?" मी म्हणालो, माझं. "खोड ते. माझं टाक." मी खोडलं. मग विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? ती म्हणाली, "लिव्ह, माझं चुकलं." मी म्हणालो, आये, तुझं कुठं चुकलं, चुकलं ते माझं. आईने लेकराची माफी मागायची असते का? ती म्हणाली, "तुला सांगितलंय तेवढं लिव्ह. तुझं तू लिव्हलंस."

म्हणून तिचं लिहितो.

हरिओम, माझं चुकलं.

तुझी आई
रतनबाई

(लिहिणार: सोमेश्वर)