पाटी झाकणारा झेंडू

आबा, आज सकाळी झेंडूच्या रोपांवर उंची रोखायचं औषध मारलं आणि दिवसभर तुमचा राग येत राहिला. फुलंब्री रोडवरच्या माझ्या रोपवाटिकेत गिऱ्हाईक बुटकंच रोप मागतं, ठेंगणं आणि फुलांनी गच्च. रोप चार-सहा पानांवर आलं की फवारायचं, मग ते उंच जात नाही. हे औषध मी पहिल्यांदा ऐकलं ते तुमच्या तोंडून. चिकलठाण्याच्या कारखान्यात तुम्ही माळ्यांचे मुकादम होतात. साहेबांचा हुकूम होता की फाटकापुढचा झेंडू गुडघ्याच्या वर जाता कामा नये, कंपनीची पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे. तुम्ही औषध गटारीत ओतलंत आणि नुसतं पाणी फवारलंत. "वाढत्या जिवाला आडवू नाय," म्हणालात. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, तुमच्याच्यानं ते झालं नाही.

झेंडू छातीला लागला, पाटी झाकली गेली, आणि नेमके पाहुणे यायच्या दिवशी साहेब तुमच्यावर उखडले. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडं प्रत्येक लग्नात, बारशात सांगतात. काका हातवारे करून पाटी कशी झाकली ते दाखवतात, सगळे हसतात. काय माणूस होता, फुलाचंही मन मोडलं नाही! माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पुढचं कुणी सांगत नाही, पण मी ते चुलीपाशी बसून ऐकलंय.

नामांतराचे दिवस आहेत. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून शहरात मोर्चे निघतायत. तुमच्या हाताखाली कुंड्या भरणारी मावशी एका मोर्च्याला गेली होती, तीही तुम्हाला विचारून. "जा बाई, मी हाय ना इथं," असं तुम्हीच तिला म्हणाला होतात. आणि आता आई भाकरी थापतेय, तुम्ही जेवताय, आणि सांगताय, "म्हनलं साहेबाला, फवारनी त्या बाईकडं व्हती. ती गेली मोर्च्याला, राहून गेली." आईचा हात थांबतो. "अन् तिचं काय झालं?" "काढलं तिला. मंग काय, माझी नोकरी घालवू?" असं म्हणून तुम्ही पिठलं मागितलंत. पिठलं, आबा! घास उतरला तुमच्या घशाखाली.

साहेबांना ते लगेच पटलं, यात नवल नव्हतं. मोर्च्याला जाणाऱ्या बाईवर खापर फोडायला तेव्हा जोर लावावा लागत नव्हता, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं म्हणून तर तुम्ही तिचं नाव घेतलंत. बाकीचे माळी होते की, त्यांचं का नाही घेतलं? दोन महिन्यांत वाळून जाणाऱ्या झेंडूची तुम्हाला दया आली. तिच्या घरातही वाढते जीव होते, आबा. ते आडवताना तुमच्या जिवाला काहीच कसं वाटलं नाही?

त्यांतलीच एक आता शाळेत बाई आहे. दर हिवाळ्यात शाळेच्या वाफ्यांसाठी माझ्याकडून रोपं नेते. काल आली होती. रोपं रिक्षात ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, आई अजून तुमच्या आबांची आठवण काढते. म्हणते, लई मायाळू माणूस, मला कामावरून काढलं तवा त्यांच्या डोळ्याला पाणी आलं व्हतं." कुणी काढायला लावलं, ते त्या माउलीला आजवर कळलेलं नाही. मी नुसतं "व्हय" म्हटलं आणि तिच्या हातात दोन रोपं जास्तीची दिली.

हे पत्र खरं तर मावशीला लिहायला हवं होतं. ती जिवंत आहे, तिचं घर मला माहीत आहे. तुम्हाला लिहिणं सोपं होतं, एवढंच.