उलटी फीत

शिरूर कासार,
ता. ९ जून १९९७

चि. परमेश्वर यास,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. तुझ्या आईचे गुडघे धरलेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे तब्येत ठीक समजायची. मी बरा आहे. रोज पहाटे सायकल चालवतो. रिटायर झालेल्या जमादाराला पहाटे सायकलवर काय काम, ते पुढं लिहितो. साखर कारखान्याहून ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यात, त्यामुळं गावात पुन्हा माणूस दिसायला लागलंय.

तुझं पत्र पोचलं. सिनेमाच्या मासिकाचा माणूस गावाकडं येईल, त्याला तू बिनलग्नाचा आहेस असं सांगितलंयस, तेव्हा घरात मंगल दिसली तर ती तुझी बायको आहे हे मी सांगू नये, 'नात्यातली आहे' म्हणावं, असं तू लिहिलंस. लग्न झालेला नट चालत नाही म्हणे. या तुझ्या कामाचं मी काय केलं ते शेवटी सांगतो. आधी पिक्चरचं बोलू. तूच विचारलंयस, "आबा, पिक्चर कसा वाटला?"

भिकार वाटला.

सुंदररावानं त्याच्या व्हिडिओ सेंटरवर पाटी लावलती, 'आपल्या शिरूरचा हिरो'. (सेंटरला परवाना आहे का, हे मी विचारलं नाही. रिटायर माणसानं उगं खाजवून खरूज काढू नये.) पुढची सतरंजी आमच्यासाठी राखून ठेवली होती. तुझी आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मंगल तिच्याजवळ, बायकांच्या बाजूला बसली.

हिरो तर तू न्हाईसच. हिरो तो गोरा इन्स्पेक्टर, जो काट्याचमच्यानं खातो आणि चिखलात पडला तरी ज्याचा भांग मोडत नाही. तू त्याच्या जीपमध्ये बसलेला, बीडकडून मुंबईला बदलून आलेला अडाणी जमादार. त्यानं इंग्रजी बोलायचं, तू 'आँ?' करायचं आणि लोकांनी हसायचं. इंटरव्हलपर्यंत तुमचं कुत्र्यामांजराचं नातं, इंटरव्हलनंतर गळ्यात गळे. मधे काय घडलं म्हणून एवढं प्रेम उतू गेलं, ते मला कळलं नाही. बहुतेक पिक्चर काढणाऱ्यालाही कळलं नसावं.

आणि तो जमादार! टोपी मागं सारून डोकं खाजवतो, सुपारी फोडायच्या आधी अडकित्ता कानाशी वाजवून बघतो, साहेबापुढं उभं राहताना पोटावरचा पट्टा वर ओढतो. हे सगळं कुणाचं, ते गावाला सांगावं लागलं नाही. दोन मिनिटांत अख्खं सेंटर टीव्हीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघून हसायला लागलं. आता शाळेतली पोरं मी दिसलो की पट्टा वर ओढतात. माझ्या सबंध नोकरीत या पट्ट्याला कुणी हसलं नव्हतं. शाब्बास रे पठ्ठ्या! बापाचं सोंग घेऊन पोट भरतोस, आणि वर विचारतोस कसा वाटला.

पोलिसाच्या घरात वाढलास, पण काय शिकलास? मुडदा सापडला की तू आधी जाऊन त्याला हलवतोस. पंच न्हाईत, पंचनामा न्हाई. रक्ताचा सुरा रुमालानं पुसून साहेबाच्या हातात देतोस! साहेबाला 'यार' म्हणतोस. मी फौजदाराला यार म्हणालो असतो तर आज पेन्शनऐवजी शेरडं राखत बसलो असतो.

समुद्र तर लई दाखवलाय. घटकाभर झाला की समुद्र. तू बंदोबस्ताला उभा असतोस आणि समुद्राकडं तोंड करून आईची आठवण काढतोस. अरे येड्या, मीबी एकदा मुंबईला बंदोबस्ताला गेलतो, गणपतीत, चौपाटीवर. दिवसभर समुद्र माझ्या पाठीशी होता. बघितला का? न्हाई. बंदोबस्तातला पोलीस माणसांकडं तोंड करून उभा राहतो. घरी आल्यावर तुझ्या आईनं विचारलं, "समिंदर कसा असतोय वो?" मी म्हणालो, "आवाज येतो त्याचा." तू तेव्हा तिथंच अभ्यासाचं ढोंग करत बसला होतास.

शेवटी तू मरतोस. साहेब बंदरावरच्या गोदामात अडकतो, सगळे तुला म्हणतात पळ, आणि तू मागं फिरून छाती काढून म्हणतोस, "आपल्या माणसाला अर्ध्या वाटंत सोडून जाणारी आमची अवलाद न्हाई!" झालं. शिट्ट्या काय, टोप्या उडवणं काय. मी मात्र मान खाली घातली. का म्हणून? तुला चांगलं ठाऊक आहे. तुझ्या हळदीच्या मांडवात मंगलचे वडील मोहनराव हात जोडून मला म्हणाले, "पोरीला संभाळा." तेव्हा मी त्यांना हाच शब्द दिला. तू शेजारीच उभा होतास, अंगाला हळद लावलेला. मला वाटायचं, त्या गडबडीत तू ऐकलं नसशील. ऐकलं होतंस तर! नुसतं ऐकलं न्हाई, पाठ केलंस. आणि वर्षाच्या आत "बीडला जाऊन येतो" म्हणून एसटीत बसलास, तो आजतागायत येतोच आहेस.

मोहनराव गेले परवाच्या साली. शेवटपर्यंत त्यांनी मला तुझ्याबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तर गोळ्या लागल्यावर तू वाळूत पडून भाषण करतोस. मरणाऱ्या माणसांचे जबाब मी लिहून घेतलेत. माणूस पाणी मागतो रे, डायलॉग मारत न्हाई. पण तुझ्या आईला हे कोण सांगणार? ती उठली आणि "परम्याऽ" म्हणून टीव्हीकडंच धावली. बायकांनी धरून खाली बसवलं. खोटं कशाला लिहू, मीसुद्धा उठून उभा राहिलो होतो. मागून पोरं ओरडली, "आबा, खाली बसा की, दिसंना!" तेव्हा बसलो. तेवढ्यापुरता तू माझा पोरगा होतास. तुझ्या नटपणाचं कौतुक एवढंच. यापेक्षा जास्त मागू नकोस.

वाटेनं तुझी आई सारखी म्हणत होती, "खोटं मरण आलं की आयुष्य वाढतंय." मला धास्ती होती मंगलची. टीव्हीवर तुझी बायको झालेली ती बाई बांगड्या फोडून रडली, ते सगळं हिनं डोळ्यांनी बघितलेलं. मी हळूच म्हणालो, "पोरी, गप का?" तर म्हणाली, "मामा, त्यांच्या बाहीवरची फीत उलटी व्हती."

खरंच की! जमादाराच्या तीन फितींचं टोक खाली पाहिजे, तुझं आभाळाकडं. मी जन्मभर ती फीत बाहीवर वागवली आणि माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं. मी रिटायर होईपर्यंत माझ्या वर्दीला इस्त्री तीच करायची.

आता सायकलचं ऐक. मुंबई पोलिसात बायकांची भरती निघाली, ते तिनंच पेपरात वाचलं. मला म्हणाली, "मामा, मी उतरू का?" तुझी आई म्हणाली, "नांदती सून खाकी घालणार व्हय?" मी म्हणालो, "नांदायला नवरा कुठाय?" त्या दिवसापासून तांबडं फुटायच्या आत ती सिंदफणा नदीच्या रस्त्यानं पळते आणि मी मागून सायकलवर, तोंडात शिट्टी धरून. गोळाफेकीला गोळा नव्हता, तर गिरणीवाल्याकडून जुनं लोखंडी वजन आणलं. तिनं ते इतक्या वेळा फेकलं की परड्यात आता भाजी उगवत नाही. गाव म्हणालं, म्हाताऱ्याला चळ लागला. आम्हा दोघांचं पटायचं नाही. ती म्हणायची दमले, मी म्हणायचो चोराला सांग दमले म्हणून. पहिल्या खेपेला पळण्यात मागं पडली. घरी येऊन रडली न्हाई, दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून बसली होती. दुसऱ्या खेपेला लागली.

महिनाअखेरीस ट्रेनिंगला जाईल. मग तुझ्या मुंबईत. तू वर्दी भाड्यानं आणून घातलीस, तिनं पळून मिळवली.

तुमच्या शूटिंगला म्हणे पोलीस बंदोबस्त लागतो. एखाद दिवशी ती तिथं असेल. तू समुद्राकडं तोंड करून डायलॉग म्हणत असशील आणि ती गर्दीकडं तोंड करून उभी असेल, तुझ्याकडं पाठ करून. हाक मारू नकोस. ड्यूटीवरच्या माणसाला हाक मारायची नसते.

राहिलं तुझं काम. तुझं पत्र आधी तिच्याच हातात पडलं, पोस्टमनला दारात तीच भेटते. वाचलं, घडी घातली आणि मला आणून दिलं. मी वाचून फाडायला निघालो तर म्हणाली, "राहू द्या मामा. सांगा नात्यातली म्हणून. त्यात खोटं काय हाय? मी तुमच्या नात्यातलीच हाय. त्यांच्या न्हाई."

मासिकवाला गुरुवारी येऊन गेला. गळ्यात कॅमेरा, हातात विकतच्या पाण्याची बाटली. आपल्या माठाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. ओसरीवर बसवून चहा दिला. तेवढ्यात मंगल परड्यातून आली, घामानं निथळत, हात धुळीनं भरलेले. त्यानं विचारलं, "या कोण?"

"माझी मुलगी," मी म्हणालो. "मुंबई पोलिसात लागलीय."

त्यानं आमचा दोघांचा फोटो काढला. मंगलनं पदर खोचला आणि सावधानमध्ये उभी राहिली. मग तो माझ्याकडं वळून म्हणाला, "आता तुमच्या मुलाबद्दल सांगा."

आत तुझी आई भाकरी थापत होती. थापायचा आवाज थांबला.

"मला एकच मुलगी हाय," मी म्हणालो. "तुमी त्या पिक्चरमधल्याचं म्हणता का? बघितलाय एकदा. फीत उलटी लावतोय."

तू सांगितलेलं काम असं पार पडलं. मंगल तुझी कुणी नाही, हे आता छापून येईल. बाकीचंही येईल.

त्या दिवशी तुझ्या आईनं मला जेवायला वाढलं नाही. तिचा निरोप वेगळा आहे, ती बोलली तसा लिहितो: "परम्या, तिकडं भाकरी मिळती का? मिळत नसंल तर ये." हे तिचं. माझं वर लिहिलंय.

शेवटी 'लोभ असावा' लिहायची रीत आहे. ती या खेपेला पाळत नाही.

भगवानराव
निवृत्त जमादार,
मंगलचा बाप