कोंबड्यांचा अंधार

मंगळवार, संध्याकाळ

पुन्हा तेच! पोल्ट्रीचा मॅनेजर म्हणते, आवारातला हॅलोजन रातचा बंद होणार नाही, नाही तं चोर येतात. पण तो उजेड रातभर पोल्ट्रीवरच्या माह्या खोलीत. डोळ्याले दुपट्टा बांधला तरी डोकं जागंच राहते. मंग दिवसा दाण्याचं पोतं कोठं ठेवलं तेही आठवत नाही. इकडं कोंबड्यांच्या शेडातला लाईट मात्र रोज टायमावर बंद. काहून? तर अंधार नाही भेटला की कोंबडी बिघडते.

मी म्हटलं, "साहेब, मंग माणसाचं?"

"तुले कोठं अंडे द्याचे हायेत गा?"

सारे हसले. मीही हसलो.

पण त्या हॅलोजनखाली आता झोपणं नाही. हुडकेश्वरात खोली घेतली. अंधारी आहे, भाडं पंधराशे. आईले फोनवर सांगितलं, यावेळी पाच नाही, साडेतीन हजार पाठवून राहिलो.